मार्कोस नेमकं करतात तरी काय? लिफ्टपाशी विचारलेल्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

शेजारच्या विंगमधला बारावीतला मुलगा परवा लिफ्टपाशी भेटला. म्हणाला काका तुम्ही नेव्हीत होतात ना, मग सांगा ना मार्कोस, म्हणजे नेव्हीचे कमांडो, नक्की काय करतात, म्हणजे आर्मीची पॅरा एसएफ (पॅराशूटवाले कमांडो) आहे, एनएसजी (दहशतवादाविरुद्धचे कमांडो) आहे, मग नेव्हीला वेगळे कमांडो कशाला, आणि मला तिकडे जायचं असेल तर आत्तापासून काय करू. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत याचं उत्तर होत नाही, म्हणून रात्री बसून टाइप करतोय. लांब झालंय, दोन हप्त्यांत वाच.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मी मार्कोस नव्हतो. मी क्लिअरन्स डायव्हर, २२ वर्षं काढली, म्हणजे जहाजाच्या बुडाखाली जाऊन तपासणी करणं, पाण्यातले सुरुंग, अडकलेले दोर, कधी बुडालेली माणसं काढणं, असली कामं. पण एक्सरसाइजमधे त्यांच्याबरोबर खूप वेळा होतो, सेफ्टी बोटीवर बसून रात्र रात्र त्यांची डोकी मोजलीयत. त्यामुळे जवळून पाहिलंय एवढंच. आणि इथे सांगतोय ते सगळं उघड असलेलं आहे, बाकीचं विचारू पण नकोस.

तुझ्या डोक्यात जे चित्र आहे ना, काळे कपडे, तोंडाला काळं फासलेलं, पाण्यातून डोकं वर काढून धडाधड गोळीबार, ते खोटं नाहीये पण ते कामाचं शेवटचं टोक आहे, आणि ते टोक बऱ्याचदा येतच नाही. बंदूक चालवणारे सगळ्यांकडे आहेत. नेव्हीच्या कमांडोचं खरं शिक्षण म्हणजे पाणी. पाण्यातून कुणाला न कळता जायचं, तिथे थंडीनं बोटं बधिर झालेली असताना डोकं चालवून काम करायचं, आणि परत यायचं. यातलं परत येणं सगळ्यात अवघड.

आता हे पाणी प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण याच्याशिवाय बाकीचं कळणार नाही. तुमच्या घरी कालनिर्णय आहे ना, त्यात तिथी असते. कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचार, तो तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ सांगतो. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, साधारण तीन वाजता भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो पण अंदाजाला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि प्रवाह जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी थोडंच हलतं.

आता तू प्लॅनिंग करायला बसलायस असं समज. तुला एका खाडीत दोन मैल आत जाऊन, एका जेटीवर काम करून, उजाडायच्या आत बाहेर यायचंय. अंधार पाहिजे म्हणून तू म्हणशील अमावास्या. बरोबर. संध्याकाळी सहाला ओहोटी संपते, मग मध्यरात्रीपर्यंत भरती, म्हणजे पाणी तुला आत ढकलतंय, आणि मध्यरात्रीनंतर ओहोटी तुला बाहेर ओढतेय. सगळं अंधारात. एकदम झकास! पण अमावास्या म्हणजेच उधाण. फिन्स (पोहायला पायात घालायचे पंख) घालून, अंगावर सामान घेऊन पोहणारा माणूस तासाला साधारण एक सागरी मैल काटतो, म्हणजे पावणेदोन-दोन किलोमीटर. उधाणाला अरुंद खाडीच्या तोंडाशी प्रवाह याच्या दुप्पट सहज असतो. म्हणजे तू पाण्याच्या विरुद्ध जाऊच शकत नाहीस, कितीही दंड फुगवलेले असू देत. मधे जो थोडा वेळ पाणी थांबतं तेवढ्यात काम संपलं तर संपलं, नाहीतर जेटी डोळ्यासमोरून निघून जाते आणि तू समुद्रात. आणि काही रात्री आपल्या कोकणच्या पाण्यात ते निळं चमकणारं प्लँक्टन असतं, इन्स्टावर लोक व्हिडिओ टाकतात ते. पर्यटकाला मजा वाटते, पण पाण्यातल्या माणसासाठी प्रत्येक किकमागे निळा पट्टा म्हणजे मी इथे आहे असा बोर्डच.

म्हणून मी म्हणतो की यांचं अर्धं काम टेबलावर, तक्ते आणि कॅलेंडर घेऊन होतं.

हे न जमल्यामुळे काय होतं त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे तारावा. नोव्हेंबर १९४३, पॅसिफिकमधलं एक चिमुकलं बेट, अमेरिकन मरीन्स उतरणार होते. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा, त्यावरून बोटी जायला साधारण सव्वा मीटर पाणी पाहिजे, आणि नेमकी भांगाची भरती, पाणी चढलंच नाही. बोटी कठड्यावर अडकल्या आणि पोरं छातीएवढ्या पाण्यातून मशीनगनसमोर शेकडो मीटर चालत गेली. ७६ तासांत हजारच्या आसपास मरीन्स गेले. त्यानंतर अमेरिकन नेव्हीनं चड्डी, फिन्स आणि मास्क एवढ्यावर पोरं पाठवायला सुरुवात केली, हातात दोरी आणि पाटी, काम काय तर किनाऱ्याजवळ पाणी किती खोल आहे ते मोजून लिहून आणायचं आणि अडथळे असतील तर उडवायचे. त्याच टीम्समधून पुढे १९६२ मधे सील्स, म्हणजे अमेरिकन नेव्हीचे कमांडो, तयार झाले. म्हणजे आज ज्यांचे टीशर्ट घालून पोरं फर्ग्युसन रोडवर फिरतात त्यांचा मूळ धंदा खोली मोजायचा!

हे काम आजही आहे, आणि सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं असेल तर सगळ्यात आधी हेच. पाण्याची खोली, उतार किती, वाळू घट्ट की भुसभुशीत (ट्रक रुतला तर मागचं सगळं अडकतं), खडक कुठे, किनाऱ्यावरून वर जायला वाट आहे का, तिथे माणसं किती, कुत्री आहेत का. एका एक्सरसाइजमधे मी सेफ्टी बोटीवर होतो, दोन पोरं रात्री साडेनऊला उतरली आणि पहाटे दोनला परत आली. बोटीत चढवलं तेव्हा एकाला पाटी सोडता येईना, बोटं आखडलेली. पाटीवर पेन्सिलनं आकडेच आकडे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एकानं चहा दिला आणि एकानं आकडे उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी उतरवणारं जहाज त्या आकड्यांवर किनाऱ्याला लागलं. थंडीचं म्हणशील तर पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता खेचतं, त्यामुळे आपल्या कोमट समुद्रात पण चार-पाच तासांत दात वाजायला लागतात.

मग येतं जहाज नाहीतर बंदर उडवणं. यातलं सगळ्यात भारी उदाहरण इटालियन लोकांचं आहे. १९ डिसेंबर १९४१, अलेक्झांड्रिया बंदर. सहा माणसं, तीन मानवी टॉर्पेडो, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं ज्यावर बसून पाण्याखालून जायचं असं यंत्र. ब्रिटिशांच्या दोन बॅटलशिप्स, क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंट, दोन्ही तळाला बसवल्या. दोघं पकडले गेले होते, त्यांना व्हॅलियंटच्याच पोटात, स्फोटकं लावली होती त्याच्या जवळपास कोंडून ठेवलं, तरी त्यांनी शेवटपर्यंत जागा सांगितली नाही. सहाच्या सहा कैदी झाले, पण भूमध्य समुद्रातलं पारडं काही महिने फिरलं. सरकारं असल्या लहान टोळ्यांवर पैसा का घालतात ते यातून कळतं.

आपल्याकडे हे कुठे झालं तर १९७१, बांगलादेश युद्धाच्या वेळी. आणि यात एक आपला मराठी माणूस आहे ज्याचं नाव शाळेत कुणी सांगत नाही, कॅप्टन मोहन नारायण सामंत. मुळात पाणबुडीवाले, आयएनएस करंजचे पहिले कॅप्टन. मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोरांना, सामंतांच्या हाताखाली नेव्हीचे लोक बंगालमधे प्लासीला नदीकाठी ट्रेनिंग देत होते. ही पोरं म्हणजे विद्यार्थी, शेतकरी, आणि त्यांच्याबरोबर फ्रान्समधल्या पाकिस्तानी पाणबुडीवरून पळून आलेले बंगाली नौसैनिक. १५-१६ ऑगस्ट १९७१ च्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा बंदरांत एकाच वेळी ही पोरं पाण्यात उतरली, पोटाला गमछानं लिम्पेट माइन बांधलेला, म्हणजे चुंबकानं जहाजाच्या बुडाला चिकटणारा सुरुंग. आणि कधी निघायचं याचा इशारा कसा, तर आकाशवाणी कोलकात्यावर ठरलेलं गाणं. पहिलं गाणं म्हणजे तयारीत राहा, दुसरं गाणं म्हणजे निघा. ना सॅटेलाइट फोन ना काही. सामंतांना पुढे त्याच युद्धातल्या डिसेंबरच्या गनबोटींच्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळालं.

आपली मार्कोस मात्र त्याच्या बरीच नंतरची, फेब्रुवारी १९८७. तेव्हा नाव इंडियन मरीन स्पेशल फोर्स, १९९१ मधे मरीन कमांडो फोर्स झालं, त्यावरून मार्कोस. जन्मून आठ महिने नाही झाले तर श्रीलंकेत ऑपरेशन पवन, म्हणजे आपल्या शांतिसेनेची मोहीम. २१ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री लेफ्टनंट अरविंद सिंग यांच्या टीमनं जाफनाच्या गुरुनगर जेटीवर पोहत जाऊन एलटीटीईची (तमिळ बंडखोरांची) जेटी आणि स्पीडबोटी उडवल्या. स्फोटकं लाकडी तराफ्यांवर ठेवून ओढत नेली होती. अरविंद सिंगांना महावीर चक्र. पुढच्या वर्षी मालदीव, १९८८, बंडखोर ओलीस घेऊन प्रोग्रेस लाइट नावाच्या जहाजातून पळाले, आपल्या गोदावरी आणि बेतवा या युद्धनौकांनी पाठलाग करून थांबवलं.

इथे जरा आपल्या घरची गोष्ट. जंजिऱ्याच्या लाय पाटलाची गोष्ट ऐकलीयस का? मोरोपंत पेशव्यांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली त्या वेळेस सोनकोळ्यांच्या या पाटलानं रात्रीत सिद्दीच्या तटाला शिड्या लावल्या आणि वाट बघत बसला, मोरोपंतांचे लोक काही वेळेत आले नाहीत, उजाडायला लागलं तशा शिड्या काढून परत आला. महाराजांनी पालखी देऊ केली तर हा म्हणाला आम्ही दर्यावर फिरणारे, पालखी घेऊन काय करू, मग महाराजांनी पालखी नावाचं गलबतच बांधून दिलं असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आमच्या कामातली सगळ्यात जुनी तक्रार त्यात आहे. पुढे गेलेल्यांनी आपलं काम चोख केलं, मागचे आलेच नाहीत. कमांडो किल्ला जिंकत नाहीत रे, ते शिडी लावतात.

बरं, काश्मीरचं. तू म्हणशील डोंगरात नेव्ही कशाला. वुलर लेक माहितीय का, केवढं मोठं तळं आहे ते, अतिरेकी वळसा न घालता रात्री होडीतून सरळ पलीकडे जायचे. म्हणून १९९५ पासून तिथे मार्कोस. तिथे स्थानिकांसारखी दाढी वाढवून राहायचे म्हणून नाव पडलं दाढीवाली फौज.

२६/११ तर तुला माहितीच असेल, निदान टीव्हीवरचं. बोटीनं आलेल्या दहा जणांनी मुंबई वेठीस धरली, एनएसजी मानेसरहून यायची होती, मुंबईत आधीपासून असलेले मार्कोस त्या रात्री ताजमधे आधी शिरले. समुद्रावरची माणसं, हातात हॉटेलचा नकाशा नाही, सगळीकडे धूर आणि अंधार. प्रवीण कुमार तेवतिया यांना आत गोळ्या लागल्या, एका कानानं नीट ऐकू यायचं बंद झालं, पुढे शौर्यचक्र मिळालं. मला वैयक्तिक असं वाटतं की त्यांच्या मूळ कामापेक्षा हे बरंच वेगळं काम होतं आणि तरी लोक त्यावरच त्यांना ओळखतात. त्यानंतर २००९ मधे नेव्हीनं सागर प्रहरी बल काढलं, बंदरांच्या आणि नेव्हीच्या ठिकाणांच्या रोजच्या राखणीला. लोक या दोघांची गल्लत करतात. प्रहरी म्हणजे पहारा, मार्कोस म्हणजे हल्ला नाहीतर टेहळणी.

आणि आजकालचं सगळ्यात जास्त वेळा येणारं काम म्हणजे दुसऱ्याच्या जहाजावर चढणं, आमच्याकडे बोर्डिंग म्हणतात. जानेवारी २०२४ मधे सोमालियाच्या बाहेर चाच्यांनी लीला नॉरफोक जहाज धरलं होतं, २१ खलाशी, त्यातले १५ आपले. ते सगळे जहाजातल्या मजबूत खोलीत दार लावून बसले होते, म्हणून आयएनएस चेन्नईवरचे मार्कोस चढून बिनधास्त सगळं जहाज पिंजून काढू शकले, चाचे आधीच पळाले होते. खलाशी कुठे आहेत ते माहिती असणं आणि ते बंद खोलीत असणं, यानं कामाचा निम्मा धोका जातो. मार्चमधलं रुएन नावाच्या जहाजाचं काम जास्त कठीण. चाच्यांनी ते जहाज डिसेंबरपासून ताब्यात ठेवलेलं, आपल्या किनाऱ्यापासून २६०० किलोमीटर लांब. आयएनएस कोलकातानं वाट अडवली, चाच्यांनी गोळीबार केला, आपला ड्रोन पाडला, मग एअर फोर्सच्या सी-१७ या मोठ्या मालवाहू विमानातून मार्कोस आणि त्यांच्या रबरी बोटी पॅराशूटनं समुद्रात टाकल्या. ४० तास चाललं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप. एवढं सगळं असून शेवटी चाच्यांनी हात वर केले, म्हणजे मनात भीती बसवून काम झालं, यालाच मी उत्तम ऑपरेशन म्हणतो.

पण बोर्डिंग सोपं वाटतं ते फक्त व्हिडिओत. हलणाऱ्या बोटीतून हलणाऱ्या जहाजाच्या बाजूला शिडी अडकवून चढायचं, अंगावर जॅकेट, हत्यार, गोळ्या, रेडिओ. त्याच जानेवारीत सोमालियाजवळ अमेरिकेच्या सील्सची टीम रात्री एका डाऊवर, म्हणजे गलबतासारख्या होडीवर, चढत होती, एक जण घसरून पडला, दुसऱ्यानं त्याच्यामागे उडी मारली, दोघंही सामानाच्या वजनानं बुडाले. जगातलं सगळ्यात महागडं ट्रेनिंग घेतलेले लोक, आणि नंतरच्या चौकशीत निघालं की अंगावरच्या वजनाला तरंगतं ठेवायचं साहित्य आणि त्याचा सराव नीट नव्हता. शत्रूनं एक गोळी झाडली नाही. आम्ही डायव्हर लोक एकमेकांच्या पट्ट्या ओढून ओढून का तपासतो ते यामुळे.

डायव्हिंगचं एक सांगायचं राहिलं. हे लोक बऱ्याचदा बुडबुडे न सोडणारा सेट वापरतात, शुद्ध ऑक्सिजनचा, सोडलेला श्वास आतल्या चुन्याच्या पावडरीतून गाळून परत तोच. वरून काही दिसत नाही. पण शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा मीटरच्या खाली विष होतो, झटके येतात, तोंडातून माउथपीस सुटतो, संपलं. म्हणजे वर आलास तर दिसतोस, खाली गेलास तर मरतोस, आणि मधल्या त्या पट्ट्यात रात्री, हातातल्या होकायंत्राकडे बघत, जोडीदाराला दोरीनं बांधून, तासभर सरळ रेषेत जायचं. मी शिकवताना सगळ्यात दणकट पोरं यात गळताना पाहिलीयत, आणि एक कोल्हापूरचा काडीसारखा पोरगा होता तो मात्र मस्त निवांत जायचा, विचारलं तर म्हणाला सर मी मनात किक मोजतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. मार्कोसची डायरेक्ट भरती नसते. पहिल्यांदा नेव्हीत जायचं, ऑफिसर म्हणून नाहीतर सेलर म्हणून, मग आपणहून नाव द्यायचं, मग निवड, त्यात बहुतेक जण परत येतात, मग डायव्हिंग, पॅराशूट (ते आग्र्याला), आणि बाकीचं बरंच. डिसेंबर २०२२ पासून मुलींनाही वाट खुली केलीय, तुझ्या बहिणीला पण सांग. शहरात एका अकॅडमीनं मार्कोस स्पेशल बॅच म्हणून बोर्ड लावलाय आणि माझ्या ओळखीतल्या एकानं तिथे चाळीस हजार भरले, शिकवलं काय तर चिखलातून रांगायला. असल्या नादाला लागू नकोस. तुझं एनडीए घरापासून अर्ध्या तासावर आहे, आधी त्याची परीक्षा दे, गणित पक्कं कर, वर सांगितलेला भरतीचा हिशोब गणितच आहे.

सिंहगड रविवारी चढतोस ते चांगलंय, पण वर जाऊन तीन प्लेट भजी खातोस त्याचं काय ते बघ. पोहायला टाकीत जा, टिळक टँक नाहीतर जवळचा कुठला. खडकवासल्याच्या पाण्यात उतरायचं नाही. खाली गाळ आहे, झुडपं आहेत, दरवर्षी पोरं जातात, आणि त्यातली कितीतरी चांगली पोहणारी असतात. आणि श्वास रोखून पाण्याखाली लांब जायची पैज एकट्यानं कधीच लावायची नाही, टँकमधे पण नाही, शुद्ध जाते आणि कळत सुद्धा नाही.

रविवारी सकाळी साडेपाचला खाली पार्किंगमधे भेट, टँकवर जाऊ. येताना मागचा कालनिर्णयचा हिशोब करून आण. कृष्ण पक्षातली अष्टमी, चंद्र मध्यरात्री उगवतो, प्रवाह मंद, म्हणजे वरवर बघता अमावास्येपेक्षा ही रात्र बरी वाटते. पण त्याच खाडीत दोन मैल आत जाऊन यायचंय, भरती सहाला. किती वाजता पाण्यात उतरशील, आणि कुठली बाजू अंगावर येईल ते मला सांग.